रुचिच्या गटाने केलेली बोडीची मोजणी

कामठा, सोमवार, ८ डिसेंबर २०२५

सकाळी पाणी भरले. रुचिला शाळेत सोडले. धानाची पोती झाकली. दूध उतू गेले.

श्री. भैय्यालालभाऊंना झामसिंगचा राम राम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार सांगावा. तुमची बहीण गेल्याला परवा दीड महिना झाला. घर चालले आहे. पोळ्या गोल होत नाहीत, पण भाजल्या जातात.

येत्या रविवारी तुम्ही रुचिला कायमची कोहमाऱ्याला न्यायला गाडी घेऊन येणार आहात. माझ्यासारख्या अबोल माणसाजवळ पाचवीतली नात मुकी होईल, असे तुमचे म्हणणे आहे. तिचे आईबाप सुरतेला, त्यांनी ते आपल्यावर सोडले आहे. म्हणून आधी तिच्या शाळेचे थोडे कळवतो.

तिथे आता गणित, भूगोल, चित्रकला असे वेगवेगळे तास कमीच. एकच काम घेतात आणि त्यातूनच सगळे शिकवतात. यावेळी गावच्या तळ्याची, आपल्या बोडीची, मोजणी होती (तुम्ही लग्नात बूट घालून जिच्यात पडलात तीच). प्रत्येक गटात घरचा एक मोठा माणूस हवा होता. मी एकतीस वर्षे भूमापनात काढली, तेव्हा मला गटप्रमुख करतील असे वाटले. प्रमुख रुचि झाली. मला दोराचे टोक दिले. "आबाजी, दोर ढिल्ला काऊन सोडून राहिले?" असे चारचौघांत म्हणाली. सूचना करायला गेलो तर "पाळी आली की बोला" म्हणाली. पाळी आली तेव्हा काय बोलायचे ते मी विसरलो होतो.

काठाचे माप माझ्या जुन्या नकाशापेक्षा तीस मीटर जास्त निघाले. मी मुलांना चूक ठरवले आणि पुन्हा मोजायला लावले. तेवढेच निघाले. मग मुलांनी तिथे कपडे धुणाऱ्या शामकलाबाईंना विचारले. पाळ उंच केल्यापासून पाणी मागे शेतांकडे पसरले, असे त्या म्हणाल्या. मी आयुष्यभर कागदाला विचारत आलो, बाईला विचारायचे सुचलेच नाही. या धक्क्यात माझा पाय घसरला. अहवालात नोंद आहे : "खोली, आबाजींच्या कमरेपर्यंत."

शाळेच्या रविता मॅडमचे मला फार कौतुक वाटते. प्रगतिपत्रकात नुसते गुण नसतात, सोबतीही एकमेकांविषयी लिहितात. माझ्याविषयी लिहिले : "दोर धरतात. ऐकतात. हसतात, पण कमी." रुचिविषयी एका मुलीने लिहिले : "कोणी रडले तर ती जवळ बसते. काही बोलत नाही." हे ती कुठे शिकली असावी, असे मॅडमनी विचारले. दीड महिना आम्ही दोघे ओसरीवर तसेच बसत आलो आहोत.

बाकी सर्व ठीक.

आपला,
झामसिंग

ता.क. तेरवीच्या पंगतीत रुचिला न्यायचे तुम्ही विचारले आणि मी मान हलवली, ती तुमच्यासाठी नव्हती. वाढपी वरण घेऊन उभा होता. रविवारी जरूर या, जेवा, पण गाडी रिकामी न्या.

ता.क. २. काल रुचिला विचारले (आपण दोघांनीही ते केले नव्हते). म्हणाली, "मी कायले जाऊ? नकाशाले रंग देणं बाकी आहे." माझे नावही घेतले नाही. रंग देऊन झाल्यावर काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तिला यायला अजून तासभर आहे. तोवर तांदूळ निवडून ठेवतो.