तेजरामसाठी अठ्ठावीस सेकंद

मी, भोजराज डोमाजी गभणे, वय वर्षे ६१, धंदा सिनेमा काढणे (गाव याला रिकामटेकडेपणा म्हणते), राहणार पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. छाती खराब आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात माणूसच नाही.

१. घरातील माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ तेजराम यास द्यावा. मधली भिंत त्याने घातली. पाडायची की ठेवायची, ते त्याने बघावे.

२. आरामखुर्ची आणि रेडिओ शेजारच्या शकुनबाईला. माझ्या एकुलत्या सिनेमात तिने आईचे काम केले, एक शब्द न बोलता. सानगडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तो दाखवला, तर नाटकांना सरावलेली मंडळी मशीनची चाचणी चालली आहे असे समजून बसून राहिली. एकाने मला विचारले, "सिनेमा कवा सुरू होते जी?" तेव्हा तो संपत आला होता. मला राग आला नाही असे लिहिले तर खोटे होईल.

३. लोखंडी पेटीतला, लाल चिंधी बांधलेला डबा फक्त तेजरामला.

हकिकत अशी. १९७३ साली आईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी बाबा तिचे सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसले. जन्मात सूप धरले नव्हते. तांदूळ अंगणभर सांडले आणि बाबा रडू लागले. मी कॅमेरा सुरू केला. तो चावीचा; अठ्ठावीस सेकंदांनी चावी उतरली म्हणून थांबला, मी थांबवला नाही. ही चूक मला मान्य आहे. तेवढ्यात तेजराम धानाच्या बांधीवरून आला. म्हणाला, "बाप रडून रायला अन् तू मशीन चालवून रायला? मानूस आहेस का तू?" त्यानंतर तेरा वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. मधे बाबाही गेले.

तेजराम, सानगडीला तू मंडपाबाहेरूनच परत गेलास. आत आला असतास तर कळले असते, तो तुकडा सिनेमात नाही. मी घेतलेला सर्वांत खरा तुकडा तोच, आणि तोच कापून या डब्यात ठेवला. तो लोकांचा नव्हता. हे तुला सांगायचे राहून गेले. भिंतीपलीकडे तुझा खोकला ऐकतो, पण उठून येणे जमले नाही. अकड तुझ्याइतकीच मलाही आहे.

डबा जाळायचा तर जाळ. आधी एकदा बघ, सानगडीला मशीन चालवणारा टेकचंद ते लावून देईल. आवाज नाही, म्हणून शेवटी बाबांच्या ओठांकडे बघ. मान वर करून ते मला विचारतात, "तेजराम जेवला का?"

सही: भोजराज डोमाजी गभणे

सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. टेकचंद सेलोकर
२. केवळराम पडोळे

पवनी, दिनांक १४ नोव्हेंबर १९८६