आतली खुंटी

२ मे १९३१
पोचले एकदाची लेकीच्या शेतावर. घोड्यावर बसून हाडं खिळखिळी झाली, पण लेकीने, सिगुर्लाउगने, गरम मटणाचं सूप पुढे केलं आणि मी सगळं माफ केलं. जावई केतिलने स्वतः गाठोडं उचललं. सात वर्षांत पहिल्यांदाच. झोपायला भिंतीतला कपाटासारखा पलंग दिलाय, घरातला सगळ्यात उबदार. दार सरकवायचं, आतून खुंटी घालायची. मग बाहेरून कुणाच्या बापाला उघडत नाही.

४ मे
जेवताना केतिलने शेताची जुनी कथा सांगितली. हजार वर्षांपूर्वी थोरब्रांड नावाचा माणूस याच जागी खुंटी लावून लपला होता. बहीण दाराशी रडली, त्याने उघडलं, आणि तिच्या मागे मारेकरी कुऱ्हाड घेऊन उभा. मी म्हटलं, जावईबापू, सासूला पलंग दाखवायची ही तुमच्याकडची रीतच वाटतं. तो पोट धरून हसला. लेक हसली नाही. तिने मला आणखी मासा वाढला.

७ मे
आज अकरा कोकरं मेलेलीच जन्मली. हे तिसरं वर्ष. केतिल म्हणे, अजून एक असं गेलं की शेत सोडायचं.

९ मे
अंथरूण झटकताना पलंगाच्या कडेची फळी निघाली. मागे नावं कोरलेली. शाळा माझी चारच महिने, पण नाव वाचता येतं. सगळ्या म्हाताऱ्या बायका, प्रत्येकीपुढे साल. शेवटची केतिलची आजी. तिच्याखाली, ताज्या लाकडात, गुडफिन्ना. मी. पुढे १९३१.
कोरणीचं वळण लेकीचं. मीच शिकवलेलं.

११ मे
तिला विचारलं. म्हणाली, “मान असतो आई तो.” माझ्याकडे नाही, चुलीकडे बघून म्हणाली. त्या त्या साली कोकरं जगली का? म्हणाली, सगळी.
निघते म्हटलं. घोडे डोंगरावर सोडलेत म्हणे. कालच.

१३ मे, दुपार
खुंटी घातलीये. फटीतून दिसतं, केतिल खिडकीशी बसलाय, हात रिकामे. मग बाहेर कुऱ्हाडीला धार लावतंय ते कोण —

लेक दाराशी. “आई, उघड ना गं.” रडतेय. पाच वर्षांची असताना रडायची, तश्शी. मला सगळं ठाऊक आहे. कथा ठाऊक. फळी ठाऊक. पण हे मेलं आईपण —

काढली खुंटी. बोटभर फट. तिचे डोळे कोरडे. टिपूस नाही. आणि तिच्या मागे कुऱ्हाड घेऊन जो —