दौलतरावांच्या होड्या आणि चंपतची म्हैस

मु. आसेगाव, तालुका मंगरूळपीर
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १९३६

तीर्थरूप रामकिसनमामांच्या पायांवर भाचा जगदेव इथूनच डोके ठेवतो (टपालाने जितके ठेवता येते तितके). मामींचे गुडघे या थंडीत कसे आहेत ते कळवावे. तुमच्या खोकल्याची चौकशी तुमची भाचसून पंचफुला रोज करते, म्हणजे मला करते, आणि मला काही सांगता येत नाही म्हणून माझ्यावरच रागावते. आम्ही सगळे देवाच्या कृपेने खुशाल आहोत. कांद्याची लावण झाली आहे, पाट वाहतो आहे, आणि पाट वाहतो आहे हेच सांगण्यासाठी हे पत्र. ते इतके लांब का झाले, हे वाचता वाचता कळेल.

आमच्या गावचे दौलतराव देशमुख तुम्हाला आठवत असतील. माझ्या लग्नात पंगत डावीकडून वाढायची की उजवीकडून, यावर ज्यांनी वाढपे उभे करून ठेवले होते आणि भात निवेपर्यंत सोडले नाही, तेच. माणूस सोन्यासारखा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त जगात प्रत्येक गोष्टीचा काही कायदा असतो आणि तो आपल्याखेरीज कोणी पाळत नाही, हे त्यांचे कायमचे दुःख. या वर्षी दिवाळीनंतर ते डोळे दाखवायला मुंबईला गेले. डॉक्टरने डोळ्यांत औषध घातले आणि समुद्राच्या हवेवर फिरायला सांगितले. तिथे त्यांना साहेबलोक शिडाच्या लहान लहान होड्यांची शर्यत खेळताना दिसले. नुसती शर्यत असती तर दौलतराव पाहून परत आले असते. पण त्यांना कोणीतरी सांगितले की या खेळाच्या कायद्याचे वेगळे पुस्तक असते. झाले. डोळे राहिले बाजूला, ते पुस्तक घेतले, आणि पुस्तकाला उपयोग पाहिजे म्हणून दोन जुन्या होड्या घेतल्या.

होड्या मूर्तिजापूरपर्यंत मोठ्या गाडीने, तिथून कारंजापर्यंत लहान गाडीने, आणि पुढे बैलगाड्यांवर उलट्या घालून आल्या. (वाटेत लोक कोणाची वरात आहे म्हणून विचारत होते.) एका होडीला त्यांनी घरच्या माणसाचे नाव दिले, ‘रुख्मिणी’. दुसरीला ‘चंद्रिका’ म्हणायचे त्यांच्या मनात होते. पण रुख्मिणीबाईंनी सारा आठवडा ताट वाढताना, ही चंद्रिका कोण, एवढेच विचारले. तेव्हा ते नाव मागे घेतले. मग ती होडी नुसती ‘दुसरी’ राहिली. देशमुख संध्याकाळी दुसरीकडे गेलेत, असे गडी सांगू लागले, तेव्हा बाईंना चंद्रिकाच बरी होती असे वाटले म्हणतात.

आता होड्या आल्या की क्लब आला, आणि क्लब आला की पंच आला. मी वाशीमला इंग्रजी शाळेत दोन वर्षे बसलो होतो (शिकलो होतो असे आमचे मास्तर म्हणत नसत), तेवढ्यावर मला पंच नेमले. रोज संध्याकाळी चावडीवर मी पुस्तक उघडायचे, एकेक कलम मराठीत सांगायचे, आणि गावाने ऐकायचे. मामा, हे कायदे मोठे चमत्कारिक. दोन होड्या समोरासमोर आल्या तर जिला वारा उजव्या अंगाने लागतो तिला वाट. डाव्या अंगाने लागतो तिने बाजूला व्हायचे. आपल्याकडे आधी कोणी जायचे हे पोळ्याच्या तोरणाखाली ठरते, आणि तिथे वाऱ्याला कोणी विचारत नाही. ज्याची म्हैस दिवसभर तलावात असते त्या चंपतने हळूच विचारले, “वारा देशमुखाचाच हाय का?” दुसरे कलम असे की पाण्यात खूण बांधलेली असते, तिला वळसा घालायचा; पण तिला होडी नुसती लागली तरी ती होडी बाद. तिसरे असे की कोणाची तक्रार असेल त्याने भांडायचे नाही, होडीवर लाल फडके लावायचे आणि मुकाट्याने किनाऱ्यावर येऊन पंचाला सांगायचे. हे कलम आमच्या गावात कोणालाच पटले नाही. तक्रार असून भांडायचे नाही, तर मग तक्रार ठेवायची कशाला?

इथवर सगळी गंमत होती. पण शर्यतीला खोल पाणी पाहिजे. तलाव दौलतरावांच्या आजोबांनी बांधलेला, आणि तलावाखालचे आमचे सगळे मळे पाटाच्या पाण्यावर. पाणी उतरू नये म्हणून दौलतरावांनी पाटात पाणी सोडणारी मोरी बंद केली, तिला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावली. माझी कांद्याची लावण तीन दिवसांची होती. प्रयागबाईची वांगी फुलावर होती. (ही प्रयागबाई माझ्या मळ्याच्या बांधाला लागून भाजीपाला करते, मंगरुळाच्या बाजारात तिच्या पाटीशेजारी दुसऱ्याने पाटी मांडायची तर आधी तिच्या तोंडाकडे पाहावे लागते.) आम्ही भाजीपाला करणारे माळवेवाले दोनदा वाड्यावर जाऊन आलो. दौलतराव रागावले नाहीत, चहा दिला, आणि शर्यत झाल्याबरोबर मोरी उघडतो म्हणाले. पण शर्यत होत नव्हती, कारण त्यांच्याविरुद्ध होडीत बसायला कोणी तयार नव्हते. देशमुखाला हरवायचे कोणी, आणि त्यांच्याकडून हरण्यासाठी थंडीत भिजायचे तरी कोणी? इकडे कांद्याची पात पिवळी पडत चालली. मी दिवसा पंच होतो आणि रात्री उठून मळ्यात जाऊन उगाच जमीन चाचपत होतो.

शेवटी प्रयागबाई एकटीच वाड्यावर गेली आणि ओट्यावर बसली. तिचे बोलणे मी स्वतः ऐकले.

“देशमुख, तुमाले शर्यत पाह्यजे, आमाले पानी पाह्यजे. मी बसतो त्या दुसरीत. आमी पयले आलो तं मोरी खोला. तुमी पयले आले तं तुमच्या मनाप्रमानं.”

दौलतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला पोहणे येते का हेसुद्धा विचारले नाही. होडीत दोन माणसे लागतात म्हणून तिने मानोऱ्याकडच्या तांड्यावरून कापूस वेचायला आलेला हेमसिंग बरोबर घेतला. त्याला होडीतले काही कळत नव्हते, पण दोर ओढायला सांगितला तर तो झाड उपटून आणील असा गडी. दौलतरावांच्या बाजूला त्यांचे दिवाणजी हिरालाल. त्यांना घाम फुटला होता, पण नोकरी होती.

शर्यतीच्या सकाळी दौलतरावांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “जगदेव, पंचाले ना नातं असते ना मळा असते. जे दिसन ते सांगजो.” मी मान हलवली. पुढे चार पावलांवर प्रयागबाई उभी होती. ती म्हणाली, “पंचालेबी जेवा लागते बरं.” मी तिच्यापुढेही मान हलवली. असा दोन्हीकडे मान हलवून मी तलावाच्या बांधावरच्या खाटेवर जाऊन बसलो. मामा, तुम्ही इतकी वर्षे भाऊबंदांचे वाटे करता. खरे सांगतो, तुमच्याविषयी माझा आदर त्या खाटेवर दुप्पट झाला.

इशाऱ्याला पुस्तकात तोफ आहे. आम्ही आधी तालीम म्हणून ठासणीची बंदूक उडवली होती, तेव्हा चंपतचे बैल कापसाच्या गाडीसकट थेट घरी गेले होते, म्हणून या वेळी डफडे ठेवले. डफडे वाजले आणि दोन्ही होड्या सुटल्या, म्हणजे ‘रुख्मिणी’ सुटली. ‘दुसरी’ जागेवरच गोल फिरली आणि तिने गावाला सगळीकडून दर्शन दिले. दौलतराव खरोखर छान चालवत होते. वारा भरला की शीड असे टरारून फुगे की बांधावरच्या बायाही भाकरी खायच्या थांबल्या. प्रयागबाई हेमसिंगला ओरडत होती, हेमसिंग दोराला ओरडत होता, आणि होडी बेशरमाच्या झुडपात शिरून बसली. मी डोळ्यांसमोर माझा कांदा पाहिला आणि मनातून सोडून दिला.

पलीकडच्या अंगाला खूण म्हणून रॉकेलचा रिकामा डबा तोंड झाळून बंद करून, लाल रंगवून, दोरीने पाण्यात बुडवलेल्या जात्याच्या तळीला बांधला होता. तिथे चंपतची म्हैस नेहमीप्रमाणे डुंबत होती. तिला कोणी कायदे वाचून दाखवले नव्हते. तिने मान हलवली, दोरी शिंगात अडकली, आणि ती डबा घेऊन चालू लागली. मामा, अख्ख्या पुस्तकात खूण चालू लागली तर काय करावे याचे कलम नाही. दौलतराव वळसा घ्यायला आले तर खूण पुढे. ते पुढे गेले तर खूण डावीकडे. हिरालाल दिवाणजी हात जोडून म्हशीला थांब म्हणत होते. शेवटी दौलतरावांनी मोठ्या शिताफीने तिला गाठले आणि वळसा अगदी पुरा होत आला, तेवढ्यात म्हशीने अंगावरची माशी झटकली. डबा शिंगावरून उडाला आणि ‘रुख्मिणी’च्या कुशीवर ठण्णकन वाजला. तो आवाज बांधापर्यंत आला. मी ऐकला, आणि ऐकल्याचे माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून पुस्तकात पाहू लागलो.

दरम्यान वाऱ्याचा एक झोत आला आणि ‘दुसरी’ झुडपातून आपोआप बाहेर पडली. प्रयागबाईने म्हशीला, घरच्या जनावराला बोलतात तसे, “हौ, हौ माय” म्हटले. म्हैस उभी राहिली. होडी तिच्याभोवती लांबून, सावकाश, कोणाला न लागता फिरून आली. दौलतराव तेव्हा काठाला लागूनही गेले होते. गावाने टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्यांत पाणी नव्हते. आणि मग हेमसिंगने डोक्याचे लाल पागोटे सोडले आणि डोलकाठीला बांधले.

तक्रार. कडुनिंबाखाली पुकारा झाला, सगळे गाव बसले. दौलतराव म्हणाले, “मी डब्याले लागलो नाई. डबा मले लागला.” यात खोटे काहीच नव्हते. मी पुस्तक काढले. त्यात असे की दुसऱ्या होडीने चुकीने वाट अडवल्यामुळे कोणाची होडी खुणेला लागली, तर तिला माफी. तेव्हा सगळा प्रश्न येऊन थांबला तो एवढ्यावर, की चंपतची म्हैस ही होडी आहे की नाही. चंपतचे म्हणणे, ती पाण्यात चालते, दोन माणसे घेऊन चालते, आणि एकदा पुरात त्याच्या बायकोला तिने पलीकडे नेले आहे. दिवाणजींनी याला दुजोरा दिला. प्रयागबाईने फक्त माझ्याकडे पाहिले. दौलतरावांनीही माझ्याकडेच पाहिले. कांदा माझा होता हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पाण्याच्या बाजूने बोललो तर मळ्यासाठी बोललो असे होणार, आणि देशमुखांच्या बाजूने बोललो तर वाड्याला भिऊन.  मग मी मळा आणि वाडा दोन्ही बाजूला ठेवून नुसत्या म्हशीचा विचार केला. तेव्हा सोपे झाले. मी म्हणालो, “म्हशीले शीड नाई. शीड नाई तं होडी नाई. होडी नाई तं माफी नाई. रुख्मिणी बाद.”

 या गावात दौलतरावांच्या विरुद्ध निकाल मी लहानपणापासून ऐकलेला नव्हता. ते म्हणाले, “थे कलम वाच.” मी वाचले. “आखीन एक डाव वाच.” पुन्हा वाचले.  मग ते उठले, आणि त्यांनी डोक्याचा फेटा काढून प्रयागबाईपुढे मान लववली. मुंबईला हरलेल्या साहेबाने जिंकणाऱ्यापुढे टोपी काढलेली त्यांनी पाहिली होती. पण हे आम्हाला काय माहीत? देशमुखाने भर गावात डोके उघडे केले म्हणजे कोणी तरी गेले, असे समजून बायांनी पदर तोंडाला लावले, आणि मागून कोणी तरी रडायलाही लागले. प्रयागबाईही क्षणभर घाबरली. तेवढ्यात त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

“इतक्या दिवसांत आज खरी शर्यत झाली,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते (औषधाने नव्हे). रुख्मिणीबाईंनी त्या दिवशी सगळ्या माळवेवाल्यांना वाड्यावर जेवायला घातले. पंगत उजवीकडून वाढली. मी जेवून घरी आलो तेव्हा पाटात पाणी वाजत होते. पंचफुला बांधावर उभी होती. तिने फावडे माझ्या हातात दिले, आणि आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत वाफ्यावाफ्यात पाणी वळवले. कांदा वाचला, मामा.

मामींना आणि लहानथोरांना यथायोग्य. लोभ आहेच, तो पाण्यासारखा वाहता असू द्यावा.

तुमचा
जगदेव

ता. क. मोरी उघडल्यापासून तलाव भरभर उतरतो आहे. होड्या चिखलात बसल्या आहेत. दौलतराव रोज संध्याकाळी ‘रुख्मिणी’त जाऊन बसतात आणि मला काठावरून कलमे वाचायला लावतात. काल त्यांनी मोरीकडे दोनदा पाहिले. मला ते पाहणे आवडले नाही.

पुन्हा ता. क. बोलता बोलता मी त्यांना सांगून बसलो की कामरगावला मामांच्या मळ्यामागे तलाव आहे, त्यातले पाणी कोणी पाटाला घेत नाही, आणि मामांसारखा पंच अख्ख्या वऱ्हाडात मिळायचा नाही. ते आज सकाळीच निघाले आहेत. दोन होड्या, दिवाणजी आणि पुस्तक बरोबर आहे. हे पत्र पोचेल तेव्हा ते बहुधा तुमच्या ओसरीवर चहा घेत असतील.

शेवटचे ता. क. माणूस सोन्यासारखा आहे, त्रास काही नाही. जेवायला बसवताना फक्त आधी दिशा ठरवून घ्यावी. माझा कांदा फाल्गुनात निघेल. तोपर्यंत त्यांना एकही शर्यत जिंकू देऊ नका. जिंकले की त्यांचा जीव उबगेल आणि ते परत येतील.