जुनी गाडी आणि प्रस्थानाची पिशवी

मी, नंदाबाई रामकिसन फदाट, वय ६५, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार जाफराबाद, जिल्हा जालना, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब सकाळी मीच मोजला, १३०/८०. डोकं जागेवर आहे. याबद्दल काही नातेवाइकांना शंका आहे, पण ती मी गाडी घेतली तेव्हापासूनची आहे, म्हणून नवी समजू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या कागदात ‘हे’ म्हणजे माझे पती रामकिसन. घरात आहे तसंच.

१. घर माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून बांधलं असून माझ्या नावावर आहे. माझ्यामागे हे हयात असेपर्यंत तिथे राहतील. ‘पुण्याला चला’ म्हणून त्यांना कोणी उचलून नेऊ नये. त्यानंतर घर मुलगा भारत व मुलगी शीतल यांचं, निम्मं-निम्मं. मागच्या दाराची कडी वर उचलून डावीकडे ओढावी लागते. सुनेला आणि जावयाला दाखवून ठेवावं.

२. बँकेतली ठेव यांची. पाटल्या शीतलच्या. तीर्थपुरीची माझ्या वाट्याची दीड एकर भारतची. तिथे कापूस लावायचा की सोयाबीन, हे त्याने पुण्याहून फोनवर ठरवू नये.

३. जाऊ बेबीनंदा हिला गाडीतली घडीची खुर्ची. गाडीच्या पूजेला मी चाकाखाली लिंबू ठेवत होते तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, “म्हातारपणी बिऱ्हाड पाठीवर घेतलं बाईनं!” त्यानंतर तिने किमान सहा दुपारी त्याच गाडीत पडदे ओढून झोप काढली आहे. माझा राग नाही. खुर्ची चांगली आहे.

४. गाडी. तेरा आसनांची जुनी मिनीबस, २००४ सालची, डिझेल, रंग मूळचा पांढरा.

एकतीस वर्षं मी उपकेंद्रांच्या गावांना काळीपिवळी जीपमधून गेले. मांडीवर लसींचा डबा, खांद्यावर शेजारणीचं डोकं. खिडकी कधी मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं की गाडीच घ्यायची, जिच्यात झोपता येईल, चहा करता येईल आणि सगळ्या खिडक्या आपल्या असतील. फेब्रुवारी २०२१ मध्ये जालन्याला भंगाराच्या आवारात ही उभी होती. तिथून ती सळईच्या कारखान्यात वितळायला जाणार होती. मालकाने विचारलं, “बाई, वजनावर घेता का चालती?” मी चालती घेतली. त्याने चार माणसं लावून ती ढकलून चालू करून दिली.

सीटा काढल्या. उपकेंद्राच्या लिलावातली तपासणीची खाट आत बसवली, खाली पाण्याची टाकी, दाराशी शेगडी. आरटीओतल्या साहेबांनी तीनदा आत डोकावून विचारलं, “ही नेमकी काय आहे?” मी म्हणाले, “गाडीच आहे साहेब. फक्त हिच्यात झोपता येतं.” कागद पाच वर्षांचा मिळाला. येत्या मार्चमध्ये तो संपतो.

भारतचं म्हणणं, मार्चमध्ये ती परत भंगारात द्यावी, भाव चांगला आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. गाडी शीतलची. शीतलला गाडी चालवता येते. भारतला विकता येते.

शीतलने रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नये. मी पहिला उन्हाळा तेच घातलं. आत पाण्याच्या हंड्यासारखा पांढरा थर धरला आणि गाडी प्रत्येक चढावर उकळू लागली. सकाळी चावी अर्धी फिरवल्यावर काट्यांशेजारी पिवळा दिवा लागतो, तो विझल्याशिवाय ती पुढे फिरवू नये. डिझेल पार संपू देऊ नये. नळीत हवा धरते आणि हातपंप मारत बसावं लागतं. टप उजव्या कोपऱ्यात गळतो. तिथे दर मे महिन्यात लेप द्यावा, आणि झोपताना त्या बाजूला पाय करावेत, डोकं नको.

५. गाडीचं कार्ड दाराच्या कप्प्यात आहे. बाळांच्या लसीकरणाचं छापील कार्ड आहे, माझ्याकडे उरलं होतं. बाळाचं नाव : गाडी. ऑइल, ग्रीस, फिल्टर, सगळं तारखेनिशी भरलेलं आहे. गॅरेजवाल्या राधेश्यामला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो हसत सुटला.

“सिस्टर, माझं बी असंच कार्ड होतं ना तुमच्याकडं?”

“होतं. पाचव्या वर्षाच्या सुईला पळून गेल्तास.”

“ही कुठं पळती? आणा, टोचू.”

राधेश्याम या कागदाचा साक्षीदार असल्यामुळे वकिलांच्या सांगण्यावरून त्याला काही देत नाही. पान्यांचा संच शीतलकडे राहील. त्याने लागेल तेव्हा न्यावा आणि, सवय नसली तरी, परत आणावा.

६. पिशवी. माझं माहेर तीर्थपुरी, गोदावरी तिथून जवळ. ती समुद्राला मिळते हे चौथीत पाठ केलं, पाहिलं नाही. गाडी नीट झाल्यावर ठरलं की काठाकाठाने ती संपते तिथपर्यंत जायचं. हे आधी नको म्हणत होते. मग नकाशा तेच घेऊन आले.

नोव्हेंबर २०२१. राधेश्याम गाडी शुक्रवारी संध्याकाळी देणार होता, म्हणून निघायचा दिवस शनिवार आला. यांना शनिवार चालत नाही. आमच्याकडे अशा वेळी प्रस्थान ठेवतात. चांगल्या वेळेला आपली पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण तेव्हाच निघालो असं धरतात. जाताना ती तिथून उचलायची. ती घरी परत आणली तर प्रवास मोडला. यांनी गुरुवारी सकाळी आपली पिशवी अण्णासाहेब लहाने यांच्याकडे ठेवली. त्यांचं घर गावाच्या टोकाला, जालना रस्त्यावर.

शनिवारी तिथपर्यंत पोहोचलोच नाही. बाजारातल्या चढावर जळका वास आला.

“नंदा, क्लचवरचा पाय काढ. जळून राह्यलं ते.”

“तुम्हाला येतं का चालवायला?”

गाडी थांबली. ट्रॅक्टरने ओढून घरी आणली, सगळं गाव बघत होतं. ओट्यावर बसून हे म्हणाले, “भंगार ते भंगारच.” मी म्हणाले, “मंग बसू नका.” ते आजवर बसलेले नाहीत. आम्ही सगळं बोलतो. गाडीविषयी बोलत नाही.

पिशवीत दोन सदरे, मफलर, दाढीचं सामान आणि नकाशा आहे. यांनी मफलर नवा घेतला, दाढीचं सामान नवं घेतलं. पिशवी आणायला गेले नाहीत. अण्णासाहेब दर दिवाळीला आठवण देतात, “रामकिसनराव, पिशवी हाय बरं का.” हे म्हणतात, “असू द्या.”

माझ्यामागे शीतलने ती पिशवी घरी आणून वडिलांच्या हातात द्यावी.

७. क्लच प्लेट मी जाळली. शिकताना पाय क्लचवर ठेवूनच चालवायची सवय लागली होती. राधेश्यामने प्लेट काढून माझ्यापुढे धरली. मी त्याला ते कोणाला सांगू दिलं नाही. यांनी त्या दिवशी सांगितलं ते बरोबर होतं. एवढं मला चार वर्षांत तोंडाने सांगता आलं नाही. माझ्या मालमत्तेत धरावं आणि यांना द्यावं.

८. इथवर काल लिहून झालं. घराचा मिळकत क्रमांक बरोबर आहे का, एवढंच पाहायला यांना कागद दिला. त्याला अर्धा तास लागत नाही. चष्मा काढून म्हणाले,

“सहावं कलम खोड.”

“का?”

“पिशवी घरी आणायची न्हाई. मी निघालेला माणूस हाय, नंदा. चार वर्सं झाले.”

“अन् सातवं?”

“ते राहू दे. त्याच्यावर सही कर आधी.”

थोड्या वेळाने विचारलं, “डिझेल हाय का?”

सबब कलम ६ मधलं शेवटचं वाक्य रद्द. खोडलेल्या ओळीवर माझी सही आहे. कलम ७ कायम. वाटेत काही झाल्यास बाकी सर्व लागू. न झाल्यास शीतलने गाडीसाठी थांबावं आणि भारतने भाव विचारू नये. डावीकडच्या सगळ्या खिडक्या सध्या यांच्या ताब्यात आहेत.

ठिकाण : जाफराबाद, अण्णासाहेब लहाने यांच्या दारापुढे, गाडीत
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) नंदाबाई रामकिसन फदाट

साक्षीदार :

१. (सही) अण्णासाहेब लहाने. माझ्यासमोर सही केली. पिशवी दिली.

२. (सही) राधेश्याम, गॅरेज, जाफराबाद. माझ्यासमोर सही केली. क्लच बघितला, बराबर हाय. सिस्टर, पाय काढून चालवा.