एकसष्टचा डॉलर

प्रिय हार्लन,

हे पत्र मी पाठवणार नाही, पण ही बातमी तुझ्याखेरीज कुणाला सांगू? १८६१ चा सोन्याचा डॉलर अखेर मिळाला. आपल्याच डाहलोनेगा गावच्या टांकसाळीत पाडलेला. आपण भावंडांनी जमवलेल्या संग्रहात तेवढाच यायचा राहिला होता. अटलांटाच्या लिलावात मी शेवटपर्यंत बोली सोडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांत ओळखीचं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वृद्धाश्रमात आले. तू मला ओळखलं नाहीस, ते आता नेहमीचंच. पण मी नाणं काढलं तसा खेकसलास, "बाई, कडेनं धर. सोन्यावर बोटांचे डाग पडतात." मग खिडकीपाशी नेऊन किती वेळ न्याहाळलंस.

"एकसष्टचा," म्हणालास. "खरा आहे."

"ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं.

"छे, हा माझ्या बहिणीला हवा होता. आम्ही मिळून जमवतो." तू नाणं माझ्या हातात परत दिलंस. "ती भेटली तर देशील? बऱ्याच दिवसांत आली नाही."

"देईन," मी म्हटलं.

तुझीच,
ओडेसा