साध्या डिशमधले एकडोळे

५ जून, बुधवार

साध्या डिशमध्ये एकडोळे भ्रूण. अकरा!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. सोमवारी माशांनी अंडी घातली, नेहमीसारखे दोन वाटे केले. एका डिशला इंजेक्शन. त्यानं एक जनुक गप्प बसतं – पहिल्या काही तासांत भ्रूणाला निरोप देणारं. डोळ्यांची जागा मधोमध दुभाग, दोन डोळे कर, असा तो निरोप. तो पोचला नाही की कपाळावर एकच डोळा. दुसरी डिश साधी. तिला काही टोचायचं नाही, ती नुसती तुलनेला.

चार वर्षं हेच करतेय. टोचलेल्यांत शंभरी पंचवीस एकडोळे, साध्यांत एकही नाही. यावर सरांबरोबर – ते माझे गाईड – लिहिलेला माझा लेख मार्चमध्ये छापून आला, आणि यावरच सतरा तारखेला पीएचडीची तोंडी परीक्षा.

काल तापानं फणफणले होते, गेलेच नाही. आज झाकण उघडलं आणि तीनदा मोजलं.

६ जून, गुरुवार

डिशची अदलाबदल झाली असेल, असं स्वतःला समजावलं. कसली अदलाबदल – चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. आज नवी अंडी घेतली. तीन डिश, तिन्ही साध्या, एकाही अंड्याला सुई लावली नाही.

७ जून, शुक्रवार

धीर निघेना, आल्या आल्या मोजायला बसले. शंभरात चोवीस. शंभरात सव्वीस. शंभरात पंचवीस. न टोचता!

म्हणजे खोट माशांमध्येच आहे. आईबापांत दडून बसलेली, दर चौथ्या पिल्लात उघडी पडणारी. माझ्या इंजेक्शननं काडीचा फरक पडला नव्हता. टाक्या सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, हे मासे मूळचे कुठले? "सगळं एकच घराणं. सरांनी आणलेल्या पहिल्या जोड्यांचं. बाहेरचा मासा आपण घेतच नाही." अभिमानानं सांगितलं बिचाऱ्यांनी.

पण मग चार वर्षं साध्या डिशमध्ये एकही कसा दिसला नाही? मी काय आंधळी होते?

८ जून, शनिवार

कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

सकाळची सफाई. मंगळवारी तापामुळे राहिली ती, आणि नंतर घाईत. पहिल्याच आठवड्यात सरांनी शेजारी बसून शिकवली होती. "साध्या डिशमधलं मेलेलं, वाकडं दिसेल ते पिपेटनं उचलून टाक, नाहीतर पाणी नासतं. टोचलेल्यातल्या वाकड्यांना हात लावू नको, तीच आपल्याला मोजायचीत." मी शहाण्या मुलीसारखी रोज सकाळी साध्यातली वाकडी फेकली, आणि दुपारी मोजायला बसले. फेकली किती, हे कधी लिहिलंच नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरूनही पाहिली नाहीत. कशाला पाहू? खराब अंडी ती!

ताईला सांगितलं. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "कच्च्या पोरांना परीक्षेला बसूच दिलं नाहीस, मग निकाल शंभर टक्के लागणारच की." मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. तिनं डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "सरांना कधी सांगणार?"

सांगणार का, असं नाही विचारलं.

९ जून, रविवार

गप्प बसले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. आठ दिवसांचा प्रश्न, मग नावाआधी डॉक्टर. लिहिताना लाज वाटते, पण दिवसभर डोक्यात दुसरं काही नव्हतं. ताई दोनदा हाक मारून गेली, जेवायला उठले नाही.

१० जून, सोमवार

सांगून टाकलं. एका दमात, उभ्या उभ्याच. वाटलं होतं, सर फाडून खातील. त्यांनी चष्मा काढला, पुसत बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

"फेकलेल्यांची नोंद कुठेच नाही?"

"नाही सर."

"मीही कधी ठेवली नाही," म्हणाले. मग म्हणाले, "घरी जा. जेवून घे."

११ जून, मंगळवार

परीक्षा रद्द. सरांनी सकाळी दोन पत्रं पाठवली. एक माझा लेख मागे घेत असल्याचं. दुसरं त्यांच्या स्वतःच्या, याच माशांवर आणि याच सफाईनंतर मोजून लिहिलेल्या बावीस वर्षांपूर्वीच्या लेखाचं, ज्याच्यावर ही सगळी प्रयोगशाळा उभी आहे.