परतीची पस्तीस मिनिटं

४ फेब्रुवारी, सकाळी
कुठेतरी पाणी मुरतंय. बायको दातांच्या मशिन्स विकणाऱ्या कंपनीत आहे, महिन्यातून दोनदा विमानाने दुसऱ्या शहरातल्या ऑफिसला जाते. जाताना एक तास पन्नास मिनिटं. येताना दोन तास पंचवीस! शहरं तीच, विमान तेच. मग पस्तीस मिनिटं जातात कुठे?

रात्री
तिकिटावरच तसं छापलंय, म्हणाली. छापलेलं खरं मानायचं तर आमच्या दुकानावरही 'फ्रेम एका दिवसात' असं छापलंय.

६ फेब्रुवारी
तीस वर्षं फोटोफ्रेम बनवतोय. मापात मला कोण फसवणार? भिंतीवरच्या नकाशावर स्टीलची पट्टी लावली. इकडून तिकडे मोजलं, मग तिकडून इकडे. सेम! एक मिलिमीटरचाही फरक नाही. पुरावा हातात आला.

७ फेब्रुवारी
मेव्हणा ट्रॅव्हल एजन्सीत आहे. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. म्हणाला, दाजी, वर वारा एकाच दिशेने वाहतो, जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. वारा माझ्या सायकलला अडवतो, मान्य. एवढ्या मोठ्या इंजिनाला? भाऊ शेवटी बहिणीचीच बाजू घेणार.
ठरवलं. आता तोंडातून ब्र काढायचा नाही.

७ फेब्रुवारी, जेवताना
काढला. वाटेत कुठे थांबता का, विचारलं. ही म्हणाली, हो, ढगावर उतरून पाय मोकळे करतो. मग बराच वेळ हसली. खाई त्याला खवखवे. पण मग ही हसते कशी? सराईत असणार.

१८ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. काचेचं प्रदर्शन बघायला जातो अशी थाप मारून एक दिवस आधी तिकडे जायचं आणि हिच्याच परतीच्या विमानात शेवटच्या रांगेत बसायचं. टोपी घेतली. मास्क घेतला. मला माझी आईसुद्धा ओळखणार नाही.

२० फेब्रुवारी, विमानात
ही एकटीच आली, सातव्या रांगेत बसली, बसल्याबसल्या झोपली. संशयास्पद. पायलटने समोरून जोराचा वारा आहे असं जाहीर केलं. त्यालाही पढवलेलं दिसतंय.

थोड्या वेळाने
टॉयलेट मागच्या बाजूला असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. ही माझ्यासमोर उभी राहिली. टोपीकडे बघितलं, मास्ककडे बघितलं. बेल्ट लाव, एवढंच म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी
अखेर सत्य बाहेर आलं. कंपनी सहा महिन्यांपासून हिला तिकडेच मोठी पोस्ट देत होती. माझे जेवणाचे हाल होतील म्हणून ही नाही म्हणत होती. आज सकाळी हो म्हणून कळवलं. बघा, काहीतरी लपवत होतीच! माझा अंदाज बरोबर निघाला. आनंद मात्र होत नाही.

२३ फेब्रुवारी
रागाच्या भरात हो म्हणाली असेल. दोन दिवसांत निवळेल. मी आपणहून विषय काढणार नाही.

२४ फेब्रुवारी
काढला. माफीही मागितली. ही बॅग भरत राहिली.

१ मार्च
मेव्हण्याने विमानतळावर सोडलं. मी मागच्या सीटवर. ही आत जाताना शेवटचं म्हणून परतीचं तिकीट बघायला मागितलं. काढलंच नाही, म्हणाली.